फिडे रेटिंग: मुंबईतल्या खेळाडूंसाठी नोंदणी, कागदपत्रे आणि आकड्याचा हिशोब

फिडे म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघ, आणि रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा त्याचा आकडा. या फिडे रेटिंगसाठी अर्ज नसतो. हे आधीच सांगितलेले बरे, कारण फिडे आयडी हाती आला की पुढच्या यादीत मुलाचा आकडा दिसेल, अशी कित्येक पालकांची समजूत असते. अर्ज भरून मिळते ती फक्त ओळख. आकडा पटावर मिळवावा लागतो, तोही आधीच रेटिंग असलेल्या किमान पाच जणांशी खेळून.

नोंदणी अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाच्या (एआयसीएफ) संकेतस्थळावर ऑनलाइन होते. वयाची खालची मर्यादा नाही. नोंदणीचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असते, त्यामुळे फेब्रुवारीत पैसे भरणाऱ्याला एप्रिलमध्ये नूतनीकरण करावे लागते. उन्हाळी सुट्टीतल्या स्पर्धांचे प्रवेश अडकतात ते बहुतेक वेळा याच कारणाने. शुल्क बदलत असते. भरण्याच्या दिवशी संकेतस्थळावर दिसेल तेच खरे.

जन्मदाखला, आधार कार्ड, अलीकडचा फोटो, चालू मोबाइल नंबर आणि ईमेल हाताशी ठेवा. यात घोळ होतो तो दाखल्याचा. रुग्णालयाकडून जन्मनोंदणी बारशाच्या आधीच होते, म्हणून पुष्कळ दाखल्यांवर बाळाच्या नावाचा रकाना रिकामाच असतो. असा दाखला अपलोड करून उपयोग नाही; आधी नाव घालून घ्या. ही सोय जन्मनोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत असते. मुंबईत जन्म झाला असेल तर महापालिकेच्या संबंधित विभाग कार्यालयात जायचे. बाळंतपण आईच्या माहेरी, रत्नागिरीला किंवा साताऱ्याला झाले असेल, तर तिथल्या नगरपरिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडेच जावे लागते. मुंबईतून ते काम होत नाही.

दुसरी अडचण इंग्रजी स्पेलिंगची. दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, शाळेत तिसरे. फिडेच्या यादीत आडनाव आधी येते, आणि वडिलांचे नाव मध्ये घालायचे की नाही हे प्रत्येक जण आपल्या मनाने ठरवतो. एकदा ठरवा आणि प्रत्येक प्रवेश अर्जावर तसेच लिहा. नाव सापडले नाही म्हणून नव्याने नोंदणी मात्र करू नका. एकाच मुलाचे दोन आयडी झाले की डाव दोन खात्यांत विभागले जातात आणि पाचाचा आकडा कुठेच पूर्ण होत नाही.

जिल्हा निवडताना पत्त्याचा पुरावा पाहा. माहीम-शीवपर्यंत मुंबई शहर, वांद्रे-कुर्ल्यापासून पुढे मुंबई उपनगर, मुलुंडचा नाका ओलांडला की ठाणे. क्लास दादरला म्हणून बोरिवलीच्या मुलाने ‘मुंबई शहर’ लिहायचे नसते.

आता स्पर्धेची निवड. माहितीपत्रकात ‘फिडे रेटेड’ लिहिलेले पुरेसे नाही. क्लासिकल (संथ), रॅपिड (जलद) की ब्लिट्झ (अतिजलद) हे पाहा, कारण तिन्हींची रेटिंग वेगळी असते. ज्याला सगळे नुसते ‘रेटिंग’ म्हणतात ते क्लासिकलचे. स्पर्धेतले सगळे १८०० च्या खाली असतील तर क्लासिकलसाठी, ६० चालींचा डाव धरून, प्रत्येकाला किमान ६० मिनिटे मिळायला हवीत. ३० मिनिटे अधिक प्रत्येक चालीला ३० सेकंद त्यात बसते. पंधरा मिनिटांच्या रविवारच्या स्पर्धेतून क्लासिकल रेटिंग येणार नाही. मोबाइल अ‍ॅपवरचा आकडा तर इथे धरतच नाहीत.

पहिल्या रेटिंगचा हिशोब असा. रेटेड प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे डाव तेवढे मोजतात. पाच डाव एकाच स्पर्धेत व्हावेत असे नाही, २६ महिन्यांतले एकत्र करतात. मात्र पहिल्याच स्पर्धेत रेटेड खेळाडूंविरुद्ध शून्य गुण पडले, तर ते डाव सोडून देतात. मार्च २०२४ पासून मोजलेल्या डावांत १८०० रेटिंगचे दोन काल्पनिक प्रतिस्पर्धी मिळवतात आणि त्यांच्याशी बरोबरी झाली असे धरतात.

समजा पाच प्रतिस्पर्धी १४५०, १५००, १५५०, १६०० आणि १६५० चे होते आणि २ गुण मिळाले. दोन १८०० मिळवून सातांची सरासरी १६२१ येते. गुण होतात सातपैकी ३, म्हणजे ०.४३. गुणांच्या प्रमाणावरून सरासरीत किती मिळवायचे किंवा वजा करायचे ते फिडेच्या तक्त्यात असते; तिथे ०.४३ ला उणे ५० आहे, म्हणून रेटिंग १५७१. एकच गुण असता तर १४६३. आणि अर्धाच असता तर १३९१, म्हणजे काहीच नाही, कारण १४०० च्या खालचे रेटिंग यादीत येत नाही. पुढे खेळताना कोणी १४०० च्या खाली घसरला तर तोही पुन्हा ‘अनरेटेड’ होतो.

‘पूर्वी मुलांना ११५० मिळायचे’ असे कोणी म्हटले तर ते खोटे नाही. तेव्हा तळ १००० चा होता. मार्च २०२४ मध्ये तळ वर आणताना २००० च्या खालच्या सगळ्यांना एकदाच वाढ दिली गेली: २००० पर्यंतच्या अंतराच्या ४० टक्के. १२०० चा खेळाडू एका रात्रीत १५२० झाला तो असा. जुन्या आकड्यांशी तुलना करण्यात अर्थ नाही.

रेटिंग मिळाल्यावर प्रत्येक डावाचा बदल म्हणजे प्रत्यक्ष गुण वजा अपेक्षित गुण, गुणिले ‘के’, म्हणजे आकडा किती झपाट्याने हलावा हे ठरवणारा गुणक. नव्या खेळाडूचे ३० डाव होईपर्यंत के ४०. १८ वर्षे पूर्ण होतात त्या वर्षाच्या अखेरपर्यंत, रेटिंग २३०० च्या खाली असेल तर, मुलांनाही ४०. बाकीच्यांना २०, आणि एकदा २४०० गाठले की १०. १६०० चा मुलगा १५०० वाल्याशी खेळला तर त्याच्याकडून ०.६४ गुणांची अपेक्षा असते. जिंकला तर १४.४ वाढतात, बरोबरीत ५.६ जातात, हरला तर २५.६ जातात. बरोबरी होऊनही रेटिंग का उतरले, या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर एवढेच.

मे महिन्यात लागोपाठ स्पर्धा खेळणाऱ्यांसाठी एक बारीक कलम: एका यादीतले डाव गुणिले के ७०० च्या वर जाऊ देत नाहीत. १८ डाव झाले तर के ४० ऐवजी ३८, वीस झाले तर ३५.

वॉकओव्हर (समोरचा आलाच नाही) आणि बाय (फेरीत जोडीच नाही) यांचा गुण स्पर्धेच्या तक्त्यात दिसतो, रेटिंगमध्ये नाही. नऊ फेऱ्या खेळूनही रेटेड प्रतिस्पर्धी चारच भरले, असे होते ते यामुळे, आणि खालच्या पटांवर अनरेटेड मुलांशीच गाठ पडते म्हणूनही. प्रत्येक फेरीनंतर समोरच्याचे रेटिंग वहीत लिहून ठेवावे.

नवी यादी दर महिन्याच्या १ तारखेला लागते. फिडेच्या संकेतस्थळावर आपल्या नावाच्या पानावर डावागणिक हिशोब उघडतो, तो वहीशी ताडून पाहा. स्पर्धा दिसतच नसेल किंवा निकाल उलटा चढला असेल, तर फिडेला थेट ईमेल पाठवून काम होत नाही. स्पर्धेचे नाव, फेरी, पट क्रमांक आणि दोघांचे फिडे आयडी लिहून मुख्य पंचांना कळवा. अहवाल त्यांच्याकडून जातो आणि दुरुस्ती महासंघामार्फत होते. सही केलेल्या गुणपत्रिकेची (डावाच्या चाली लिहिलेल्या कागदाची) प्रत तोवर टाकू नका.