मोझांबिक बेट : दगडी शहर, मकुती शहर आणि छपरांचा वाद

पूर्व आफ्रिकेतल्या मोझांबिक देशाच्या मोझांबिक बेटावर जायला मुख्य भूमीपासून सुमारे ३ किलोमीटरचा अरुंद पूल आहे. तो १९६०च्या दशकातला, म्हणजे पोर्तुगीज वसाहतीची राजधानी हे बेटाचे स्थान सरून साठेक वर्षे झाल्यानंतरचा. तोवर ये-जा होडीने. बेटाचीही लांबी साधारण तेवढीच, रुंदी मात्र जेमतेम अर्धा किलोमीटर.

१४९८ची वास्को द गामाची गोष्ट शाळेत सगळ्यांनीच वाचली आहे; त्या सफरीत तो इथेही थांबला होता. त्याआधीही इथे अरब-स्वाहिली व्यापाऱ्यांचे बंदर होते, एवढे त्यात जोडले की पुरे. आपल्याकडच्या वाचकाला जवळची बाब वेगळी आहे : १७५२पर्यंत या बेटाचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता. लिस्बनहून गोव्याला निघालेली गलबते वारा फिरेपर्यंत इथे थांबत. दीवच्या वाण्यांना १६८६मध्ये दीव-मोझांबिक व्यापाराचा मक्ता मिळाला आणि गुजरातचे कापड देऊन हस्तिदंत नेण्याचा धंदा त्यांच्या हाती आला. पुढे गुलामांच्या व्यापाराने बेट श्रीमंत झाले. बेटाच्या उत्तरेकडच्या दगडी शहरातले वाडे पाहताना हा पैसा कुठून आला हे विसरू नये.

१८९८मध्ये राजधानी दक्षिणेला, आजच्या मापुतोला गेली आणि वाड्यांना कुलुपे लागली. १९७५च्या स्वातंत्र्यानंतरच्या यादवीत मुख्य भूमीवरची माणसे आसऱ्याला बेटावर आली. ती राहिली बहुतेक दक्षिणेच्या मकुती शहरात.

खरा गुंता आहे तो या ‘मकुती’ शब्दाचा. मकुती म्हणजे शाकारणीसाठी विणलेली माडाची झावळी. कोकणात जी चुडते छपरावर चढतात, त्यांचीच ही किनारपट्टीची बहीण. साहित्याचे नाव वस्तीला पडले. १९९१मध्ये बेट जागतिक वारसा यादीत गेले तेव्हा दगडी शहराबरोबर हे मकुती शहरही वारसा ठरले, आणि ते योग्यच होते. मग पत्र्यांवरून वाद पेटला. झावळी काही वर्षांत कुजते, पुन्हा शाकारायला पैसे लागतात. त्यामुळे ज्याला परवडेल तो पत्रा घालतो. जतन करणाऱ्यांना पत्रा खटकतो. पण ज्याच्या डोक्यावर ते छप्पर आहे, त्याला जुने साहित्यच वापर म्हणून सांगताना त्याचा खर्च कोण उचलणार, हा प्रश्न मागेच राहतो. पडक्या वाड्यांची हॉटेले होतात, तेव्हा एवढी काटेकोर चर्चा क्वचितच होते.

शिवाय मकुती शहराची मोठी अडचण छपरात नाही, जमिनीत आहे. वाड्यांसाठी लागलेला प्रवाळी दगड याच भागातून काढला गेला. चिरेखाण संपली की उरतो तसा खड्डा उरला आणि त्यात मजुरांची, कोळ्यांची घरे उभी राहिली. काही ठिकाणी रस्ता घरांच्या छपरांच्या उंचीवर आहे. मार्च २०२२मध्ये गोम्बे चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले, तेव्हा बेटाचेही नुकसान झाले.

बेटावर गोडे पाणी नाही. म्हणून दगडी शहरातल्या घरांची छपरे सपाट ठेवलेली, पाऊस टाक्यात साठवण्यासाठी. सोळाव्या शतकातल्या किल्ल्यातही तशीच टाकी आहे. मकुती शहरात मात्र तोच पाऊस उंबरठा ओलांडून आत येतो.