कृष्णा कालव्याची पट्टी: पाटकऱ्याच्या वाटेपासून फिरायच्या रस्त्यापर्यंत

कराडच्या थोडं वर, खोडशीला कृष्णेवर दगडी बंधारा आहे. १८६०च्या दशकात तो बांधून डाव्या तीरावरून कालवा काढला. हा कालवा ओगलेवाडीच्या बाजूने सांगली जिल्ह्यात उतरतो आणि पलूस तालुक्यापर्यंत जातो. बंधाऱ्यामागे मोठा साठा नव्हता, नदीला असेल तेवढंच पाणी मिळायचं. वर धोम आणि कण्हेर ही धरणं झाल्यावर उन्हाळी आवर्तनाची, म्हणजे ठरावीक पाळीने कालव्यात पाणी सोडण्याची, खात्री आली.

कालव्याकाठची पट्टी फिरणाऱ्यांसाठी नव्हतीच. पाटकरी (कालव्याचं पाणी आणि काठ सांभाळणारा कर्मचारी), कालवा निरीक्षक आणि दुरुस्तीचं सामान यांची ती वाट. १८७९च्या मुंबई पाटबंधारे कायद्यात मनाई असताना भरावावरून जनावर किंवा गाडी नेणं हा गुन्हा होता. आज १९७६चा महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम लागू आहे, आणि पट्टीवर काही बांधायचं तर परवानगी पाटबंधारे खात्याचीच लागते. ग्रामपंचायतीचा ठराव पुरत नाही.

या खोऱ्यात कारखाने आले ते रेल्वेच्या आधाराने. १९१० साली औंध संस्थानाने दिलेल्या जागेवर, कुंडल रोड स्टेशनजवळ किर्लोस्करवाडी वसली. १९१६ साली ओगल्यांचा काचकारखाना उभा राहिला. वस्ती वाढली, शिफ्टवाले आणि शाळकरी पोरं सायकली घेऊन कालव्याकडेच्या वाटांवर आली. पुढे उसाचे ट्रॅक्टर आले, आणि मातीची पट्टी ठिकठिकाणी खडी-डांबराची झाली.

फिरायला ती सोयीची वाटते, त्याचं कारण कालव्याच्या आखणीत आहे. पाणी आपोआप वाहावं म्हणून कालवा डोंगरउताराला समपातळीत बिलगून जातो. अशा कालव्याला उतार किलोमीटरला साधारण वीतभर. म्हणून वाट जवळजवळ सपाट, पण वळणावळणाची. रस्ता बहुधा नदीकडच्या भरावावर असतो. वरची बाजू नैसर्गिक जमिनीची, तिला धोका कमी. खालचा भराव मात्र माणसाने घातलेला. खेकड्यांची आणि उंदरांची बिळं त्यातच होतात, गळती तिथूनच सुरू होते. पाटकऱ्याला रोज पाहावं लागे ते हेच अंग.

पाण्याच्या कडेला फूटभर उंचीचा मातीचा वरंबा दिसतो. गाडी कालव्यात घसरू नये आणि पावसाचं पाणी आतल्या उतारावरून वाहून माती नेऊ नये, यासाठी तो असतो. रस्त्याचा उतार बाहेरच्या, म्हणजे शेताच्या बाजूला, चाळीस फुटांना साधारण एक फूट. फरसबंदी करणारे ठेकेदार रुंदी मिळवायला हा वरंबाच आधी काढतात. पहिल्याच पावसाळ्यात कालव्याकडची कड ओघळींनी खचते आणि पेव्हर ब्लॉकची शेवटची ओळ आत कलते. कडेला काँक्रीटची पट्टी नसेल तर ब्लॉक सरकत राहतात, हे वेगळंच.

भेगांतही फरक असतो. काँक्रीटला आडवी भेग गेली तर ती बहुतेक आकुंचनाची. सांधे वेळेवर कापले नाहीत एवढंच. लांबीच्या दिशेने, कालव्याला समांतर भेग पडली तर मात्र सावध व्हावं. आवर्तन संपल्यावर पाणी एकदम उतरतं, आतला उतार अजून ओला आणि जड असतो, त्याला पाण्याचा आधार राहत नाही, आणि तो घसरू लागतो. वर उसाची ट्रॉली उभी असेल तर आणखी लवकर. काळ्या मातीच्या भरावावर हे जास्त होतं. म्हणून पाणी हळूहळू कमी करतात. ओढ्यावरच्या जुन्या दगडी मोरीपाशी गाडीला दचका बसतो, कारण मोरी हलत नाही आणि दोन्हीकडची माती मात्र बसते. तिथे नुसतं डांबर ओतून भागत नाही, मुरूम पाण्यासह थरांत दाबावा लागतो.

सावलीसाठी झाडं लावताना भरावावर लावू नयेत, बाहेरच्या पायथ्यापलीकडे लावावीत. झाड मेलं की कुजलेल्या मुळाची नळी होते आणि पाणी तिच्यातून वाट काढतं. काळाच्या ओघात आपोआप उगवलेल्या बाभळीही याच कारणासाठी तोडतात, लोक कितीही हळहळले तरी.

गाळ काढायला पोकलेन येतं तेव्हा त्याच्या लोखंडी साखळ्या डांबर ओरबाडतात. काठाच्या सात-आठ फुटांत मुरूमच ठेवावा आणि पक्का भाग बाहेरच्या अंगाला घ्यावा, हाच व्यवहार्य मार्ग. शिवाय अस्तर केलेल्या, म्हणजे आतून पक्का थर दिलेल्या, कालव्यात पडलेल्या माणसाला शेवाळावरून वर येता येत नाही; म्हणून वस्तीजवळ पायऱ्या किंवा लोखंडी कड्या, आणि गावाच्या टोकाला दुचाकी जाईल पण ट्रॅक्टर अडेल असे खांब, हे दोन्ही अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरावं लागतं.