पीपी नंबर ते इनकमिंग फ्री : कोकणात मोबाईल कसा रुजला

पीपी नंबर म्हणजे काय हे आता पंचविशीतल्या पोरांना सांगूनही कळत नाही. शेजाऱ्याचा फोन नंबर आपला म्हणून द्यायचा आणि पुढे पीपी लिहायचं. आमच्या वाडीत फोन एकच, दुकानात. मुंबईचा कॉल आला की दुकानदार पोराला पिटाळायचा, पोरगं धापा टाकत सांगणार की दहा मिनिटांनी परत फोन येतोय, मग आजी हातातलं काम टाकून निघायची. आणि लांबचा फोन म्हणजे ओरडूनच बोलायचं अशी तिची ठाम समजूत, त्यामुळे मनीऑर्डर कितीची येणार ते अख्ख्या गिऱ्हाइकांना कळायचं.

मोबाईलने खेडी बदलली म्हणताना सगळे स्वस्त हँडसेटचं नाव घेतात, पण माझ्या मते कोकणात खरा फरक पडला तो इनकमिंग फ्री झाल्यावर. कारण साधं आहे, कमावता माणूस मुंबईत, घर इथे, म्हणजे फोन तिकडून येणार, इथे फक्त उचलायचा. आता उचलायलाही पैसे पडणार असतील तर कोण घेणार?

आणि पडायचेच की. देशातला पहिला मोबाईल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला, कोलकात्याहून बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना केलेला. तेव्हा आऊटगोईंगला मिनिटाला साधारण १६ रुपये आणि इनकमिंगला त्याच्या निम्मे. गावाला त्याचं काय! गावाकडे होते पिवळे एसटीडी बूथ, १९८४ ला सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली, सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने खेड्यात चालतील अशी एक्स्चेंज बनली, त्यातून ते पसरले. रात्री उशिरा रेट उतरायचा म्हणून जेवणं उरकून लाईन लागायची.

१९९९ च्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांची ठरीव लायसन्स फी काढून कमाईतला हिस्सा घ्यायला सुरुवात केली, तिथून दर खाली यायची वाट मोकळी झाली. मग २००३ साली सगळं एकदमच आलं, रिलायन्सची सुरुवातीला ५०१ रुपये भरून फोन देणारी स्कीम, इनकमिंग फ्री, आणि नोकिया ११००. त्या फोनला टॉर्च होता हो! पावसाळ्यात वारा सुटला की लाईट जाणाऱ्या गावात फोन नंतर, आधी बॅटरी म्हणून तो खपला असं मला अजून वाटतं. आणि मिस्ड कॉल. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू कर. बॅलन्स दहा रुपयाचा, महिनाभर जसाच्या तसा.

मोबाईलने धंद्याला काय फायदा झाला हे सांगताना मासळीचं उदाहरण नेहमी केरळचं देतात. रॉबर्ट जेन्सन नावाच्या अर्थतज्ज्ञाने २००७ मध्ये दाखवलं की मोबाईल आल्यावर तारलीवाल्या होड्या समुद्रातूनच भाव विचारून बंदर ठरवायला लागल्या, मासळी फेकून द्यायची वेळ टळली, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्के स्वस्त पडली. आमच्या हर्णै, मिरकरवाडा बंदरांतही तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, आत येता येता फोनवर असतो, पण ज्या व्यापाऱ्याकडून उचल घेतली त्यालाच माल घालायचा असेल तर दुसऱ्या बंदराचा भाव कळून करायचं काय?

हापूसचंही तसंच. पेट्या वाशीला गेल्या की दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, यायला दिवस लागायचे, पट्टीत लिहिला तो भाव मुकाट घ्यायचा. भाव अजून तिकडेच ठरतो, आपण किती फसलो ते मात्र आता त्याच दिवशी कळतं. २०१६ नंतर जिओमुळे नेट स्वस्त झालं, तेव्हापासून काहीजण व्हॉट्सॲपवर थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला पेटी विकतात, ती खरी सुटका.

रेंजचं रडगाणं वेगळंच. आमची वाडी दोन डोंगरांच्या बेचक्यात, बोलायचं तर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर जायचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा सड्यावरही काही नाही, लाईट नाही, टॉवर बंद. चार-पाच दिवसांनी वाडीतला एकजण सगळ्यांचे फोन पिशवीत भरून बाईकवरून तालुक्याला गेला, जनरेटरवर चार्ज केले, रेंज पकडली तशी अख्खी पिशवी वाजायला लागली, सगळे मिस्ड कॉलचे मेसेज, सगळे मुंबईचे.