ई१बी१ए आणि ई१बी१बी : शेवटच्या अक्षरापाशी फुटणाऱ्या दोन वाटा

आफ्रिकेतल्या पुरुषांच्या पितृवंशाबद्दल वाचायला घेतलं की पहिल्या पानावरच दोन शाखांची ही नावं भेटतात : ई१बी१ए आणि ई१बी१बी. फरक फक्त शेवटच्या अक्षराचा, आणि नेमका तोच नजरेतून निसटतो. मग नायजेरियाची आकडेवारी मोरोक्कोच्या नावावर जाते, सोमालियाचा पितृवंश ‘बांटू’ ठरतो आणि एखाद्या फॅरोच्या वंशावरून लोक हमरीतुमरीवर येतात. मला हा गोंधळ किरकोळ वाटत नाही. या एका अक्षराच्या दोन बाजूंना माणसांच्या स्थलांतराच्या दोन निरनिराळ्या कहाण्या आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की दोन्ही बिघडतात.

आधी थोडं तंत्र. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं आणि त्याचा बहुतांश भाग दुसऱ्या कुठल्याही गुणसूत्राशी देवाणघेवाण न करता तसाच पुढे सरकतो. नक्कल होताना क्वचित एखादं जनुकीय अक्षर बदलतं. तो बदल त्या पुरुषाच्या मुलग्यांत, नातवांत, पणतूंत कायम राहतो. अशा बदलाला खूण मानून पितृवंशाच्या शाखा आखल्या जातात. त्यांना हॅप्लोग्रुप म्हणतात. खुणांची नावं प्रयोगशाळांवरून पडली आहेत. ‘एम’ने सुरू होणाऱ्या खुणा स्टॅनफर्डमधल्या पीटर अंडरहिल यांच्या चमूच्या, ‘व्ही’ने सुरू होणाऱ्या रोममधल्या क्रुचानी आणि स्कोत्सारी यांच्या.

आपल्या दोन्ही शाखा मोठ्या ‘ई’ शाखेतल्या. पी२ ही खूण ज्याच्यात उमटली, अशा एका पुरुषाचे हे दोघं वंशज, त्यामुळे नात्याने सख्खे भाऊच. पण त्यांची ताटातूट झाली सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी, म्हणजे शेती, गुरं आणि आज बोलल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेच्या कितीतरी आधी. एका बाजूला व्ही३८ ही खूण, तिच्या पोटात एम२ : हा ‘ए’कडचा भाऊ. दुसऱ्या बाजूला एम२१५, तिच्या पोटात एम३५ : हा ‘बी’कडचा.

गोंधळाचं अर्धं मूळ नामकरणात आहे. २००२ साली वाय गुणसूत्राच्या शाखांना पहिल्यांदा एकसारखी नावं दिली गेली, तेव्हा एम२ होती ई३ए आणि एम३५ होती ई३बी. २००८ मध्ये झाड नव्याने आखलं, तेव्हा त्या ई१बी१ए आणि ई१बी१बी१ झाल्या. २०११ मध्ये त्रोंबेत्ता, क्रुचानी आणि सहकाऱ्यांनी व्ही३८ शोधून दाखवली. एम२ आणि इथिओपियात सापडणारी एम३२९ ही छोटी शाखा या दोन्ही तिच्याखाली आल्या आणि एम२ एक पायरी खाली सरकून ई१बी१ए१ झाली. म्हणजे २००९ चा लेख आणि २०१५ चा लेख एकाच शाखेला दोन नावांनी हाक मारतात. लांबलचक नाव झाडावरची जागा सांगतं आणि नवी फांदी सापडली की ती जागा हलते. खूण मात्र हलत नाही. म्हणून मी नेहमी खूणच वाचतो आणि इथून पुढे एम२ आणि एम३५ हीच नावं वापरतो.

एम२ ही पश्चिम, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेतली सर्वांत मोठी पितृशाखा. योरुबा, इग्बो अशा समाजांत दहापैकी आठ-नऊ पुरुष या शाखेचे निघतात. तिचं वय बरंच आहे, पण आज दिसणारा तिचा पसारा तुलनेने ताजा. गेल्या सुमारे ५,००० वर्षांत तिच्या अनेक उपशाखा जवळजवळ एकाच वेळी फुटून फोफावल्या, असं संपूर्ण वाय गुणसूत्रांच्या अभ्यासात दिसतं. कारण बव्हंशी ठाऊक आहे. नायजेरिया आणि कॅमेरूनच्या सीमाभागातून बांटू भाषा बोलणारे शेतकरी पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे पसरू लागले. याम या कंदाची आणि तेलमाडाची शेती, पुढे लोखंडाची अवजारं, आणि दीड-दोन हजार वर्षांपूर्वीपर्यंत त्यांच्या वस्त्या दक्षिण आफ्रिकेत पोचल्या. केनियातल्या किकुयूंपासून झुलूंपर्यंतच्या भाषा एका कुळातल्या आहेत त्या यामुळे, आणि इतक्या दूरदूरच्या पुरुषांत एम२च्या त्याच त्या उपशाखा सापडतात त्याही यामुळेच.

म्हणून त्या सीमाभागात एम२ पूर्वापार नांदत असेल, असं आपण गृहीत धरतो. कॅमेरूनमधल्या शुम लाका या खडकाच्या आसऱ्यातली दफनं या गृहीतकाला जोराचा धक्का देतात. तिथल्या ८,००० आणि ३,००० वर्षांपूर्वीच्या चार मुलांच्या सांगाड्यांचा डीएनए २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ती आजच्या बांटूभाषकांच्या थेट पूर्वजगटातली निघाली नाहीत. त्यांचं साम्य होतं मध्य आफ्रिकेतल्या शिकारी-संकलक समाजांशी. त्यांतल्या एका मुलाचं वाय गुणसूत्र ए०० शाखेचं होतं. माणसाच्या पितृवंशाच्या झाडावरची ही सर्वांत आधी फुटलेली फांदी २०१३ मध्ये उजेडात आली, आणि आजही ती जवळपास फक्त पश्चिम कॅमेरूनमध्येच आढळते. आजच्या नकाशात एका रंगाने भरलेला प्रदेश काही हजार वर्षांमागे त्याच रंगाचा असेल, असं समजणं किती धोक्याचं आहे हे मला या चार मुलांनी शिकवलं.

एम२चा दुसरा मोठा प्रवास सक्तीचा होता. अटलांटिक गुलामव्यापारात पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून माणसं नेली गेली आणि आज अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत सुमारे ६० टक्के एम२चे आहेत. त्याच समाजात अंदाजे चौथा हिस्सा पितृवंश युरोपीय आहेत, मातृवंशात मात्र युरोपीय वाटा अगदी थोडा. हा विषम आकडा गुलाम स्त्रियांवर मालकांनी केलेल्या अत्याचारांची नोंद आहे.

आता एम३५. इथे एकच लाट शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही, कारण ही शाखा फार जुनी आणि फार वेळा फुटलेली. उगम पूर्व आफ्रिकेत. मोरोक्कोतल्या ताफोराल्ट गुहेत १५,००० वर्षांपूर्वी पुरलेल्या पुरुषांपैकी बहुतेकांत तिची एम७८ ही उपशाखा मिळाली. पश्चिम आशियात शेती सुरू होण्याच्या उंबरठ्यावर राहणाऱ्या नातुफी लोकांतही ई१बी१बी आढळते. तेव्हा ही शाखा आफ्रिकेबाहेर पडली ती बांटू विस्ताराच्या हजारो वर्षं आधी.

तिच्या उपशाखांचे प्रदेशही ठळकपणे वेगवेगळे आहेत. माघ्रेबात म्हणजे वायव्य आफ्रिकेत, विशेषतः अमाझिघ म्हणजे बर्बर समाजांत, एम८१चं राज्य. काही गटांत ती ८० टक्क्यांपर्यंत जाते. आश्चर्य असं की तिचे आजचे सगळे धारक दोन-तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाकडे जातात, म्हणजे उत्तर आफ्रिकेतली सर्वांत ठळक शाखा तिथल्या सर्वांत तरुण शाखांपैकी एक आहे. सोमालियात एम७८ची व्ही३२ ही फांदी जोरात. डेन्मार्कमध्ये राहणाऱ्या २०१ सोमाली पुरुषांच्या २००५ मधल्या अभ्यासात ७७ टक्क्यांहून अधिक जण एम७८चे निघाले. एम७८चीच दुसरी फांदी व्ही१३ बाल्कनमध्ये स्थिरावली. कोसोवोतल्या अल्बेनियन पुरुषांत तिचं प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास. नेपोलियनच्या दाढीच्या केसांवरून २०११ मध्ये त्याचा पितृवंश तपासला गेला, तोही एम३५च्या एम३४ या फांदीवरचा. त्यामुळे एम३५ला सरसकट ‘आफ्रिकी’ म्हणणं जितकं चूक, तितकंच तिला आफ्रिकेबाहेरून आलेली ठरवणंही चूक.

दोन्ही शाखा शेजारी ठेवल्या की त्यांच्या झाडांच्या आकारातला फरक लक्षात येतो. एम२चं झाड बराच काळ बारीक राहून एकदम डवरतं आणि तो काळ शेतीच्या प्रसाराशी जुळतो. एम३५च्या फांद्या निरनिराळ्या युगांत, निरनिराळ्या कारणांनी, सहारा, नाईलचं खोरं, लेव्हांट (भूमध्य समुद्राचा पूर्व किनारा) आणि बाल्कन अशा लांबलांबच्या ठिकाणी वाढल्या. म्हणून ‘हा एम२चा’ हे वाक्य बरंच काही सांगून जातं. ‘हा एम३५चा’ हे त्या मानाने फार थोडं सांगतं. पुढची खूण कळल्याखेरीज काही बोलूच नये.

जिथे दोघं भेटतात, तो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पहिली भेट आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात. एम३५ची एम२९३ ही फांदी टांझानियातल्या दातोगांसारख्या गुराख्यांत आहे आणि तिथून फार दूर, नामिबिया-अंगोलाच्या बाजूला ख्वे लोकांतही आहे. २००८ मध्ये ब्रेना हेन आणि सहकाऱ्यांनी यावरून असं मांडलं की सुमारे २,००० वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेतले पशुपालक दक्षिणेकडे उतरले, आणि ही हालचाल बांटू शेतकऱ्यांच्या स्थलांतराहून वेगळी होती. पुढे दक्षिणेकडच्या नामा या पशुपालक लोकांत दूध पचवण्याची पूर्व आफ्रिकी जनुकीय क्षमता सापडली आणि या मताला दुसऱ्या बाजूने बळ मिळालं. मेंढ्या आणि दूध एका वाटेने आलं, धान्य आणि लोखंड दुसऱ्या. फक्त ‘ई१बी१’ एवढंच नोंदवून थांबलो असतो तर या दोन वाटा वेगळ्या दिसल्याच नसत्या.

दुसरी भेट, खरं तर न झालेली भेट, रवांडात. जॉन हॅनिंग स्पीक या इंग्रज प्रवाशाने १८६३ मध्ये असा सिद्धांत मांडला की व्हिक्टोरिया सरोवराभोवतीचे राज्यकर्ते हे इथिओपियाकडून आलेले विजेते. वसाहतकाळात ही कल्पना तुत्सींना चिकटवली गेली : तुत्सी उत्तरेकडचे उपरे आणि श्रेष्ठ, हुतू इथले आणि कनिष्ठ. बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात ओळखपत्रांवर हे शिक्के छापले. १९९४ च्या नरसंहारात तीच ओळखपत्रं पाहून माणसं मारली गेली. जिंकायला आलेल्या पुरुषांच्या टोळ्यांनी हा प्रदेश व्यापला असता, तर त्याची खूण सगळ्यात आधी वाय गुणसूत्रावर दिसायला हवी. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तुत्सी आणि हुतू या दोघांतही एम२चं बहुमत निघालं आणि तुत्सींत एम३५ अगदी मोजकी. पूर्वेकडच्या गुराख्यांचा अंश त्या प्रदेशात मिसळलेलाच नाही, असा याचा अर्थ नाही. पण ज्या विजेत्यांच्या कथेवर शिक्के मारले गेले, तिला पितृवंशाचा आधार नाही. एका अक्षराचा फरक नीट वाचण्याचं महत्त्व इतकं असू शकतं.

इजिप्तचं प्रकरण वेगळ्या प्रकारचं. २०१२ मध्ये इजिप्तचे पुरातत्त्वज्ञ झाही हवास आणि सहकाऱ्यांनी तिसरा रामसेस या फॅरोच्या आणि त्याच्यासोबत तपासलेल्या एका अनामिक पुरुषाच्या ममीचा पितृवंश ई१बी१ए असल्याचं प्रसिद्ध केलं. हा फॅरो पश्चिम आफ्रिकी वंशाचा ठरतो की नाही, यावर लगेच दोन तट पडले. त्या लेखात ई१बी१ए हा अंदाज होता. वाय गुणसूत्रावर काही ठिकाणी एकच छोटा तुकडा किती वेळा पुन्हा येतो ते मोजतात आणि त्या आकड्यांवरून संगणकी गणित शाखा सुचवतं. एम२ ही खूण थेट तपासण्याहून ही पद्धत निराळी आहे, आणि जीर्ण डीएनएच्या बाबतीत तर हा फरक फारच मोलाचा. ते दोघं बाप-लेक असावेत हा त्या लेखाचा निष्कर्ष दोघांचे आकडे जुळण्यावर उभा होता. शाखेच्या नावावर एवढा वाद घालण्याजोगा पाया तिथे नव्हता.

या दोन शाखा म्हणजे संपूर्ण आफ्रिका, असंही नाही. दक्षिणेकडच्या सान लोकांत ए आणि बी या जुन्या शाखा, दक्षिण सुदानच्या डिंकांतही त्याच मोठ्या प्रमाणात, आणि चाडच्या आसपास आर१बीची व्ही८८ ही फांदी. शिवाय कुठलीही पितृशाखा म्हणजे पूर्वजांतली एकच सरळ रेघ. दहा पिढ्या मागे गेलं की पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात. वाय गुणसूत्र त्यातल्या एकाच जागेबद्दल बोलतं.

आपल्याकडे या दोन वाटा सिद्दी समाजामुळे येऊन पोचतात. जंजिऱ्याचे सिद्दी आणि खडकी वसवणारा मलिक अंबर यांना मराठी बखरी आणि बोलणं सरसकट हबशी, म्हणजे अबिसिनियाचे (इथिओपियाचे), म्हणतं. मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकला जात तांबड्या समुद्राच्या बाजूने दख्खनला आला. आजच्या इथिओपियातल्या ओरोमो आणि अम्हारा पुरुषांत एम३५कडच्या शाखा भरपूर आहेत आणि एम२ नगण्य. पण आफ्रिकेतून माणसं आणणारा दुसरा मार्गही होता : पोर्तुगीजांचा, गोव्याशी जोडलेला. २०११ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी कर्नाटक आणि गुजरातमधल्या सिद्दींचा डीएनए अभ्यासला, तेव्हा त्यांचे पितृवंश आणि मातृवंश आफ्रिकेतल्या बांटूभाषकांकडे गेले. आफ्रिकी वाटा बापाच्या बाजूने जास्त, आईच्या बाजूने कमी, आणि स्थानिक समाजांशी मिसळण झाली ती गेल्या आठेक पिढ्यांत, म्हणजे साधारण २०० वर्षांत. तेव्हा मलिक अंबरच्या इतिहासावरून कारवारच्या जंगलातल्या सिद्दींचं मूळ इथिओपियात ठरवणं किंवा त्यांच्या एम२वरून अंबरला बांटू ठरवणं, दोन्ही टाळायला हवं.