तोंडात मावला की घास

भाच्याचा फोन सकाळी साडेसहाला आला. "मामा, मासा गायब!" भुसावळच्या त्याच्या घरी चार फुटी टाकीत दोन टायगर ऑस्कर आहेत, दोन्ही वीतभराहून मोठे. आदल्या संध्याकाळी त्याने बोटाच्या दोन पेरांएवढं ऑस्करचं पिल्लू आणून त्यांच्यात सोडलं होतं. टाकीचं झाकण घट्ट, फरशी कोरडी, घरात मांजर नाही. शेजारच्या आजोबांनी काचेतून एकदाच पाहिलं आणि निकाल दिला, "खाई लिधं भो!"

भाच्याला ते पटत नव्हतं. एकाच जातीचे मासे, मग आपल्याच पिल्लाला कोण खाईल? त्यात दुकानदाराने भर घातली की घरावरचं संकट माशाने अंगावर घेतलं, आता दुसरा न्या. या संकटविमोचक माशांचा धंदा सध्या जोरात आहे. ईशान्य कोपऱ्यात टाकी ठेवा, आठ सोनेरी आणि एक काळा मासा घ्या, मेला तर समजा बला टळली. मासा मेला तरी दुकानदाराचंच बरोबर आणि जगला तरी त्याचंच बरोबर! आमच्या प्रकरणातलं संकट मात्र वीतभर लांबीचं होतं आणि कोपऱ्यात खाद्याच्या गोळ्यांची वाट बघत उभं होतं.

जातीचं म्हणाल तर आपल्या मरळीचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात तळ्यात मरळीच्या लालसर पिल्लांचा झुबका वर येतो आणि खाली आई-बाप पहारा देतात. त्या दिवसांत ते पिल्लांवर कुणाला येऊ देत नाहीत. पण तीच पिल्लं बोटुकलीएवढी झाली की एकमेकांना गिळू लागतात. म्हणून मरळीचं बीज वाढवणारे लोक ती दर थोड्या दिवसांनी मापाप्रमाणे वेगळी करतात. एकाच दिवशी जन्मलेल्यांत एखादं थोडं पुढे गेलं, की ते बाकीच्यांना खातं, त्यामुळे आणखी वाढतं, आणखी खातं. माशांच्या दुनियेत नात्यापेक्षा माप मोठं.

हे माप कसलं? लांबीचं नाही, तोंडाचं. ऑस्कर कुत्र्यासारखा लचके तोडत नाही, भक्ष्य अख्खं गिळतो. ते चिरडायला त्याच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते, पण तिथवर पोहोचायला घास आधी तोंडातून आत गेला पाहिजे. म्हणजे प्रश्न एवढाच: पिल्लू तोंडात मावतं का?

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. ऑस्कर धावून जाऊन दातांनी पकडतो असं वाटतं, पण मुख्य काम दातांचं नसतं. तो पाणी ओढतो. खालचा जबडा पडतो, डोकं किंचित वर उचललं जातं, तोंडाचा तळ खाली जातो, मग कल्ल्यांची झाकणं बाहेर फुगतात. हे सगळं पुढून मागे लाटेसारखं, सेकंदाच्या काही शतांश भागांत होतं. आपली पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. तोंडाची पोकळी अचानक मोठी होते, आत दाब घटतो, पाणी आत घुसतं आणि पाण्याबरोबर भक्ष्य. पाणी नंतर कल्ल्यांतून बाहेर पडतं, घास आत राहतो.

हे किती अंतरावरून चालतं? चुलीवरची फुंकणी आठवा. तिच्यातून फुंकलं की हातभर लांबचा निखारा फुलतो. त्याच फुंकणीतून हवा आत ओढली तर निखाऱ्याला पत्ताही लागत नाही. (करून बघू नका, तोंडात राख जाते.) फुंकलेली हवा झोतासारखी सरळ जाते, ओढलेली हवा चहूबाजूंनी येते. पाण्याचंही तसंच.

थोडं गणित करू, कंटाळा आला तर हा परिच्छेद गाळा. तोंडाचं भोक गोल धरलं तर त्याचं क्षेत्रफळ पाय (π) गुणिले त्रिज्येचा वर्ग. जेवढं पाणी या भोकातून जातं तेवढंच पाणी भोकाभोवती कल्पिलेल्या कुठल्याही गोलाच्या पृष्ठभागातून यायला हवं, कारण पाणी दाबलं जात नाही. तोंडापासून एक व्यास, म्हणजे दोन त्रिज्या अंतरावर असा गोल घ्या. त्याचं पृष्ठफळ चार पाय गुणिले दोन त्रिज्यांचा वर्ग, म्हणजे भोकाच्या सोळापट. जागा सोळापट, पाणी तेवढंच, म्हणून वेग एक सोळांश, सुमारे ६ टक्के. अर्ध्या व्यासावर तो २५ टक्के. प्रयोगशाळेत पाण्यात बारीक कण सोडून वेगवान कॅमेऱ्याने माशांच्या तोंडापुढचा प्रवाह मोजला आहे, आणि एक व्यास अंतरावर वेग जवळपास ५ टक्केच भरला. वहीच्या पानावरचं गणित माशाच्या तोंडाशी इतकं जुळावं, याचा मला अजून आनंद होतो.

याचा अर्थ मोठ्या माशाला पिल्लाच्या अगदी जवळ यावं लागतं. चार फुटी टाकीत, लपायला जागा नाही, तर तो येतोच.

आता पिल्लाच्या बाजूने बघू. ऑस्कर चपटा आणि उंच मासा आहे. ढोबळमानाने त्याची उंची लांबीच्या दोन पंचमांश धरा. पाच सेंटीमीटरचं पिल्लू दोन सेंटीमीटर उंच, म्हणजे दोन रुपयांच्या नाण्याहून लहान. बारा सेंटीमीटरचं झालं की उंची पाच सेंटीमीटरच्या आसपास जाते. बारा सेंटीमीटरची मरळ मात्र काठीसारखी बारीक, लांब असूनही सरळ आत. म्हणून दुकानात लांबी विचारून उपयोग नाही, उंची बघा. शिंगटीसारखे मासे तर पाठीचा आणि बाजूचे काटे उभे करून आणखी रुंद होतात, आणि हावरट मासा कधी कधी तो काटा अडकून स्वतःच मरतो.

उंची हा बचाव किती खरा आहे, ते एका युरोपीय माशाने दाखवलं. क्रुशियन कार्प हा गोल्डफिशचा जवळचा नातेवाईक. ज्या तळ्यांत पाईक हा शिकारी मासा असतो तिथे हा कार्प पाठीकडून उंच होतो, पाईक नसलेल्या तळ्यात सडपातळ राहतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी हे १९९२ मध्ये प्रसिद्ध केलं. म्हणजे शिकारी असल्याची चाहूल लागली की मासा वाढण्याची दिशाच बदलतो, तोंडात मावेनासा होण्यासाठी.

आपल्या ऑस्करकडून एवढी अपेक्षा नको, त्याला वेळ द्यायचा. वेगळी टाकी, निदान शंभर लिटरची. "छोट्या टाकीत मासा छोटाच राहतो, टाकीच्या मापाने वाढतो" हा दुसरा लाडका गैरसमज. राहतो तो खुरटलेला आणि आजारी मासा. जुन्या टाकीच्या फिल्टरमधला एक मुरलेला स्पंज नव्या फिल्टरला लावा, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू पहिल्या दिवसापासून कामाला लागतात. आपल्याकडे हे जास्त महत्त्वाचं. बोअरचं पाणी बहुधा अल्कधर्मी असतं, आणि सामू (पीएच) ७ वरून ८ वर गेला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग सुमारे दहापट होतो. मे महिन्यात आणखी वाढतो, शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. नळाला पाणी चार दिवसांनी येत असेल तर पिंप भरून ठेवा, क्लोरीन घालवायला त्यात हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे टाका.

खायला चांगल्या गोळ्या, अधूनमधून गांडूळ. जिवंत गोल्डफिश नको. त्यात ब-१ जीवनसत्त्व मोडणारं विकर (एन्झाइम) असतं, शिवाय रोगही घरात येतो. पहिला महिना हीच टाकी विलगीकरणाची. अंगावर पांढरे ठिपके आलेच तर ते मोठ्यांपर्यंत जात नाहीत. नीट खाऊ घातलं तर सुरुवातीला महिन्याला दोन-अडीच सेंटीमीटर वाढ होते, म्हणजे पिल्लू मोठ्यांच्या तोंडात मावेनासं व्हायला चार-पाच महिने थांबावं लागतं. आणि नंतर हौस फिटली तर जळगावच्या मेहरूण तलावात किंवा तापीत सोडायचा नाही.

एकत्र करताना पिल्लाच्या मागे लागणाऱ्यांचं लक्ष दुसरीकडे हवं. आधी मोठ्यांना पोटभर खायला द्यायचं, टाकीतले दगड-लाकडं हलवायची म्हणजे कोणाचा कोपरा कोणता हे त्यांनाच कळत नाही, आणि दिवे बंद करून पिल्लू सोडायचं. तरीही धक्काबुक्की होते. पण धक्काबुक्की वेगळी आणि गिळणं वेगळं.

भाच्याने दुसरं पिल्लू आणलंय, वेगळ्या टाकीत. काचेला शाळेतली पट्टी चिकटवलीय आणि दर रविवारी मला फोटो येतो. कालच्या फोटोत ते साडेआठ सेंटीमीटरचं होतं. मोठा मासाही वाढतोय का, असं त्याने विचारलं. वाढतोय, पण आता फार हळू. शर्यत पिल्लूच जिंकेल असं मी सांगितलं, आणि मोठ्याने जांभई दिली की त्याचाही एक फोटो काढायला सांगितलं.