वासराची छाती भरते तेव्हा

काल उड्या मारणारं वासरू आज कोपऱ्यात मान पुढे ताणून उभं असतं. कान लोंबलेले, नाकातून पाणी, आणि दर श्वासाला कुशी भात्यासारख्या उडताहेत. थर्मामीटर ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. गोठ्यात एकच शब्द निघतो, न्यूमोनिया. पण त्याची सुरुवात काही दिवस आधीच झालेली असते, एखाद्या विषाणूपासून.

श्वासनलिकेला आतून सूक्ष्म केसांचं अस्तर असतं. हे केस एका लयीत हलत धूळ आणि जंतू चिकटलेला शेंबूड घशाकडे वर ढकलत राहतात. बीआरएसव्ही नावाचा विषाणू नेमका याच पेशींवर बसतो. तान्ह्या बाळांच्या छातीला त्रास देणाऱ्या आरएसव्हीचा हा सख्खा भाऊबंद. केस झडतात, पेशी एकमेकींत मिसळून त्यांचे गोळे होतात आणि साफसफाई थांबते. पॅराइन्फ्लुएन्झा-३ हा विषाणू आणि आयबीआर या गुरांच्या नाक-श्वासनलिकेच्या आजाराचा हर्पीस विषाणूही हीच वाट मोडतात.

मग खरा घात होतो. मॅनहाइमिया हीमोलिटिका हा जिवाणू निरोगी गुराच्या नाकातही मुक्कामाला असतो. वाट मोकळी मिळाली की तो खाली फुप्फुसात उतरतो. त्याचं विष गुराच्या पांढऱ्या पेशी फोडतं, आणि त्यांतून सांडलेला ऐवज फुप्फुसालाच जाळतो. त्यात गुरांच्या फुप्फुसाचे कप्पे एकमेकांपासून पक्के वेगळे. एकाची नळी तुंबली तर शेजारून हवा यायची सोय जवळजवळ नसतेच. अँटिबायोटिक जिवाणू मारतं, विषाणूला हात लावत नाही. उशिरा दिलेल्या इंजेक्शनने ताप उतरेलही, पण घट्ट झालेला भाग पूर्ववत होईलच असं नाही. अशी कालवड पुढे वाढीत मागे राहू शकते. म्हणून पहिल्या खोकल्याकडे काणाडोळा करू नये, असं मी कळकळीने सांगतो.

आयबीआरची गोष्ट आणखी अवघड. बरी झालेली गायसुद्धा हा विषाणू जन्मभर चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठीत बाळगते. लांबचा प्रवास झाला, विण्याचा ताण आला, की तो जागा होऊन नाकातून बाहेर पडू लागतो, आणि गाय मात्र ठणठणीत दिसत असते.

गाईच्या वारेतून प्रतिपिंडं वासरापर्यंत पोचत नाहीत. ती येतात चिकातून. आतडं ती शोषून घेतं ते पहिले काही तास. साधारण २४ तासांत ते दार बंद होतं. चिकाची ही शिदोरी लागण दर वेळी टाळत नाही, पण आजाराची धार बोथट करते. हीच प्रतिपिंडं टोचलेल्या लसीलाही अडवू शकतात, म्हणून लहान वासरांसाठी नाकात सोडायच्या लशी निघाल्या.

उरली हवा. मुतात भिजलेल्या गादीतून निघणारा अमोनिया त्या केसांना आधीच दुबळं करतो, आणि उभ्या माणसाला तो फारसा जाणवत नाही. पहाटे गोठ्यात गुडघ्यांवर बसा आणि वासराच्या नाकाच्या उंचीवर दोन श्वास घ्या. डोळे चुरचुरले, तर ते वासरू रात्रभर तीच हवा ओढत होतं.