एमएस असला तरी व्यायाम करायचा, फक्त अंग तापू द्यायचं नाही

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार झालेल्या माणसाला घरात सारखं ऐकावं लागतं, "तू बस गं, दमशील, मी करते". प्रेमापोटीच म्हणतात सगळे. आणि बरीच वर्षं डॉक्टरही साधारण हेच सांगायचे, शक्ती जपून वापरा, व्यायामाच्या भानगडीत पडू नका. डॉक्टरांचा सल्ला आता बदललाय पण घरातला बदलला नाहीये, आणि मग आजाराने आलेल्या अशक्तपणात बसून बसून आलेल्या अशक्तपणाची भर पडते, आणि हा दुसरा अशक्तपणा टाळता येण्यासारखा असतो म्हणून जास्त वाईट वाटतं.

ही भीती आली कुठून ते आधी बघू. १८९० मध्ये विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने नोंदवलं की एमएसच्या काही पेशंटची नजर श्रम झाले की अंधुक होते आणि विश्रांती घेतली की परत येते. त्याचं निरीक्षण एकदम बरोबर होतं, फक्त कारण त्याने श्रम हेच धरलं. खरं कारण होतं श्रमामुळे अंगात वाढणारी उष्णता, आणि हे नीट लक्षात यायला १९५० चं दशक उजाडलं, जेव्हा काहीही श्रम न देता नुसतं अंग तापवलं तरी तोच त्रास होतो असं दिसलं. पुढे तर एमएसचा संशय असलेल्या माणसाला गरम पाण्यात बसवून लक्षणं वाढतात का हे बघायची तपासणीच होती, एमआरआय आल्यावर ती मागे पडली.

आता उष्णतेने नेमकं होतं काय? आपल्या नसांच्या तंतूंवर मायलिन नावाचं आवरण असतं, एमएसमध्ये आपलीच रोगप्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याची नस इथल्या मायलिनवर हल्ला करते. शेतात पंपाचं पाणी पाटाने वाफ्यापर्यंत न्यायचं असतं तसं समजा, पाट धड असेल तर पंप थोडा कमी वेळ चालला तरी पाणी शेवटपर्यंत पोचतं, पण पाट जागोजागी फुटलेला असेल तर तेवढी कमीसुद्धा भोवते आणि शेवटचा वाफा कोरडा राहतो. नसेतला संदेश सोडियमचे कण आत घेणाऱ्या बारीक दारांमधून पुढे सरकतो आणि तापमान वाढलं की ही दारं लवकर बंद होतात, म्हणजे प्रत्येक ठिकाणी मिळणारा जोर कमी पडतो. धडधाकट नसेला फरक पडत नाही कारण तिच्याकडे भरपूर जोर शिल्लक असतो. मायलिन गेलेल्या नसेत मात्र अर्धा डिग्री सेल्सिअस तापमान वाढलं तरी संदेश अडकू शकतो, आणि मग डोळ्यापुढे धुकं, पाय जड, मुंग्या. पण यात नस नव्याने खराब झालेली नसते!! अंग गार झालं की संदेश परत जायला लागतो.

ही गोष्ट पेशंटला आणि घरच्यांना कोणीतरी शांतपणे समजावून सांगायलाच हवी असं मला फार वाटतं, कारण व्यायाम करताना पाय लटपटला की पहिला विचार येतो की आजार वाढला, आणि मग तो माणूस परत व्यायामाच्या वाटेला जात नाही. एका अभ्यासात एमएसच्या लोकांना व्यायाम करायला लावून लक्षणं मोजली होती, ४० टक्क्यांहून जास्त जणांना मुंग्या-बधिरपणासारखी लक्षणं तात्पुरती वाढल्याचं जाणवलं, आणि त्यातले बहुतेक जण अर्ध्या तासात पूर्वीसारखे झाले.

हवा बदलली ती १९९६ मध्ये. अमेरिकेत युटा विद्यापीठात ५४ पेशंट घेतले, काहींना १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटं हातापायांनी चालवायच्या सायकलवर व्यायाम दिला, बाकीच्यांना नाही. व्यायाम करणाऱ्यांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता २२ टक्क्यांनी वाढली, आणि आजार काही बिघडला नाही. पुढे २०१४ मध्ये २६ अभ्यास एकत्र करून पाहिलं, सुमारे १३०० लोक होते, तर व्यायाम करणाऱ्यांत ४.६ टक्के जणांना आजाराचा झटका आला (म्हणजे आजार मध्येच उसळून लक्षणं नव्याने आली किंवा वाढली) आणि न करणाऱ्यांत ६.३ टक्के जणांना. म्हणजे व्यायामाने झटका येतो या समजुतीला काही आधार उरला नाही.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, व्यायाम म्हणजे एमएसवरचं औषध नव्हे. डेन्मार्कमध्ये ८६ जणांना घेऊन २४ आठवड्यांच्या जोरदार व्यायामाचा अभ्यास झाला, दमसास वाढला पण मेंदूचं आकुंचन काही थांबलं नाही. २०२३ मध्ये आलेल्या सहा देशांतल्या ३११ जणांच्या अभ्यासातही, ज्यांचा आजार हळूहळू वाढत जाणारा होता त्यांना बौद्धिक सराव आणि एरोबिक, म्हणजे दमसास वाढवणारा, व्यायाम दोन्ही देऊन विचार करायचा वेग खास सुधारला असं दिसलं नाही. त्यामुळे कोणी "आमच्या योगाने एमएस बरा होतो, गोळ्या-इंजेक्शन बंद करा" म्हणत असेल तर त्याचं अजिबात ऐकू नका. फायदा होतो तो थकवा कमी वाटण्यात, चालण्यात, स्नायूंच्या ताकदीत आणि मूडमध्ये, आणि रोजच्या जगण्यात हा फायदा अजिबात लहान नाही.

किती करायचा? सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांसाठी २०१३ च्या कॅनडातल्या सूचना अशा की आठवड्यातून दोनदा ३० मिनिटं मध्यम एरोबिक आणि दोनदा ताकदीचा व्यायाम. जास्त त्रास असलेल्यांना खुर्चीत बसूनही हातांचा व्यायाम करता येतो, तो फिजिओथेरपिस्टकडून बसवून घ्या, तोल जात असेल तर एकट्याने प्रयोग नकोत.

आणि आपल्याकडचा उन्हाळा. नागपूर-अकोल्याला मे महिन्यात संध्याकाळी फिरायला जा म्हणणं एमएसच्या माणसाला त्रासाचंच. पहाटे जा, तेव्हा बाहेरही गार असतं आणि शरीराचं तापमानही दिवसभरातलं कमी असतं. नाहीतर घरात पंखा किंवा कूलर लावून, मध्ये थांबत थांबत, मानेला ओला पंचा गुंडाळून करा. पोहायचं असेल तर २७ ते २९ डिग्रीचं पाणी बरं. आणि बर्फासारखं गार पाणी प्या, हे ऐकीव नाही, सिडनीतल्या संशोधकांनी ३० डिग्रीच्या खोलीत सायकल चालवायला लावली तर कोमट पाणी पिऊन एमएसची माणसं सरासरी ३३ मिनिटं टिकली आणि गार पाण्यावर ४६ मिनिटं. आणि गंमत म्हणजे शरीराच्या आतलं तापमान दोन्ही वेळा सारखंच होतं, म्हणजे बहुतेक तोंड-पोटातली गारवा ओळखणारी यंत्रणाच मेंदूला दिलासा देत असणार.

व्यायामानंतर वाढलेला त्रास अंग गार झाल्यावर, साधारण तासाभरात, उतरला तर पुढच्या वेळी वेळ जरा कमी ठेवा आणि चालू राहू द्या. पण नवीन लक्षण २४ तासांपेक्षा जास्त टिकलं तर ते उष्णतेचं समजून अंगावर काढू नका, ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन नाही ना ते बघून घ्या आणि न्यूरोलॉजिस्टला फोन करा.